कायमची नळी, वारंवारचं इन्फेक्शन आणि किडनीची काळजी

प्रश्न: माझे यजमान ७२ वर्षांचे आहेत. मधुमेह १५ वर्षांपासून. दीड वर्षापूर्वी त्यांची लघवी अडकली, प्रोस्टेट वाढल्याचं कळलं आणि कॅथेटर, म्हणजे लघवीची नळी, घातला. ऑपरेशन ठरत होतं तेवढ्यात पक्षाघाताचा झटका आला, आणि ते राहूनच गेलं. आता काठीच्या आधाराने घरात चालतात. दर तीन-चार आठवड्यांनी एक कंपाउंडर घरी येऊन नळी बदलतो, पण मध्येच ती तुंबते. गेल्या वर्षात पाच वेळा इन्फेक्शन झालं, त्यात दोनदा ॲडमिट करावं लागलं. आम्ही दर महिन्याला लघवीचं कल्चर (लघवीतले जंतू वाढवून ओळखायची तपासणी) करतो, दर वेळी जंतू निघतात आणि गोळ्या सुरू होतात. शेवटच्या रिपोर्टमध्ये बहुतेक औषधांपुढे ‘आर’ (रेझिस्टंट, म्हणजे त्या जंतूंवर ते औषध चालत नाही) लिहून आलं. एकदा तर पिशवी जांभळी झाली होती. या सततच्या इन्फेक्शनने पुढे किडनी जाईल का? कॅन्सर होतो असंही कोणीतरी म्हणालं. रोज एक गोळी कायमची चालू ठेवली तर हे थांबेल का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर: ताई, तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं देतो, पण आधी तुमच्या पत्रातली एक ओळ बाजूला काढून ठेवायला हवी: ‘दर महिन्याला कल्चर करतो, दर वेळी जंतू निघतात आणि गोळ्या सुरू होतात.’ यजमानांच्या पुढच्या काही वर्षांचं बरंच काही या एका सवयीवर अवलंबून आहे.

मूत्राशयात नळी असली की जंतू येणारच. नळी असलेल्या प्रत्येक दिवशी शंभरातल्या तीन ते सात जणांच्या लघवीत नव्याने जंतू सापडू लागतात. महिना उलटेपर्यंत जवळजवळ प्रत्येकाच्या लघवीत ते असतात. तुमच्या हातून स्वच्छतेत काही कमी पडलं म्हणून असं होतं असं मुळीच नाही. जंतू नळीच्या आतल्या आणि बाहेरच्या पृष्ठभागाला चिकटतात आणि स्वतःभोवती एक चिकट थर तयार करतात. पाण्याच्या हौदाला आतून शेवाळ धरावं तसा हा थर असतो. त्या थरात अँटिबायोटिक नीट शिरत नाही, शरीरातल्या पांढऱ्या पेशीही पोचत नाहीत. गोळ्यांनी लघवीत मोकळे तरंगणारे जंतू मरतात, रिपोर्ट काही दिवस चांगला दिसतो, आणि थरातले जंतू पुन्हा बाहेर पडतात. पण या वेळी बाहेर पडतात ते त्या गोळीला पुरून उरलेले. रिपोर्टमधला ‘आर’ असाच वाढत जातो.

म्हणून नळी असलेल्या माणसाच्या लघवीत जंतू आहेत, पस सेल्स (पू-पेशी) जास्त आहेत, लघवी गढूळ आहे किंवा वास मारते, एवढ्यावरून त्याला इन्फेक्शन म्हणत नाहीत आणि औषधही देत नाहीत. जगभरच्या मार्गदर्शक सूचना याबाबत एकमुखी आहेत. याला मोठे अपवाद दोन: गरोदरपण, आणि मूत्रमार्गातली अशी शस्त्रक्रिया जिच्यात आतल्या अस्तरातून रक्त येण्याची शक्यता असते. प्रोस्टेटचं ऑपरेशन ठरलं तर यजमान या दुसऱ्या अपवादात बसतील, आणि तेव्हा ऑपरेशनच्या आधी कल्चर करून त्यानुसार औषध घेणं गरजेचं आहे. एरवी बरं वाटत असलेल्या माणसाचं दरमहा कल्चर बंद करा. रिपोर्टच नसला तर त्यावर गोळ्याही सुरू होणार नाहीत.

मग खरं इन्फेक्शन कधी समजायचं? ताप १०० अंश फॅरनहाइटच्या वर गेला, हुडहुडी भरली, कमरेच्या वर एका बाजूला किंवा पाठीत बरगड्यांखाली दुखू लागलं, ओटीपोटात नव्याने दुखू लागलं, वृषण सुजून लाल झालं, दुसरं कारण सापडत नसताना अचानक भ्रमिष्टासारखं वागू लागले किंवा एकदम गळून गेले, तर इन्फेक्शनचा विचार करायचा. आता ‘दुसरं कारण’ या शब्दांकडे नीट लक्ष द्या. पक्षाघात झालेल्या माणसाला घास किंवा पाणी श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होऊ शकतो. पावसाळ्यात डेंग्यू-मलेरिया आहेतच. पाठीला किंवा टाचेला शय्याव्रण असेल तर तेही ताप आणतं. नळी दिसते म्हणून प्रत्येक ताप लघवीचाच, असं धरून चालल्यामुळे खरा आजार हुकल्याची उदाहरणं कमी नाहीत. डॉक्टरांनी छाती तपासली का, रक्त तपासलं का, हे विचारायला संकोच करू नका. नुसत्या गोंधळलेपणामागे पाणी कमी पडणं, पोट साफ नसणं किंवा रक्तातली साखर उतरणं, यांपैकीही काही असू शकतं.

ताप खराच लघवीचा वाटला तर क्रम असा असतो. नळी दोन आठवड्यांपेक्षा जुनी असेल तर आधी ती बदलायची, नव्या नळीतून येणारी लघवी निर्जंतुक डबीत घ्यायची आणि मगच अँटिबायोटिकचा पहिला डोस. पिशवीतली लघवी कल्चरला कधीच द्यायची नाही, तिच्यात तासन् तास जंतू वाढलेले असतात. जुन्या नळीतून घेतली तर नळीच्या थरातले जंतू रिपोर्टमध्ये उतरतात, मूत्राशयातले नव्हेत. काढलेल्या नळीचं टोक कापून लॅबला पाठवण्याचाही काही उपयोग नसतो. डबी दोन तासांत लॅबमध्ये पोचवा, जमत नसेल तर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवा. बर्फाच्या कप्प्यात नको. नळी बदलण्याने दुसराही फायदा होतो: जंतूंचा सगळा थर एका झटक्यात बाहेर जातो आणि औषध लवकर लागू पडतं. औषध साधारण ७ दिवस, सुधारणा सावकाश झाली तर १० ते १४ दिवस. बरं वाटल्यावर ‘जंतू गेले का’ हे बघायला पुन्हा कल्चर करायचं नाही. ते गेलेले नसणारच, आणि चक्र पुन्हा सुरू होईल. माणूस खूपच आजारी असेल, बीपी उतरलं असेल, तर मात्र नळी बदलण्यासाठी कंपाउंडरची वाट बघत औषध लांबवू नये. तेव्हा थेट दवाखाना.

आता किडनी. मूत्राशयातल्या जंतूंमुळे किडनी आपोआप खराब होत नाही. वर्षानुवर्षं नळी असूनही किडनी ठीक असलेली पुष्कळ माणसं आहेत. किडनीला इजा होते ती मुख्यतः दोन गोष्टी एकत्र आल्या की: जंतू, आणि उलटा दाब. नळी तुंबली, लघवी साठली, मूत्राशयात दाब वाढला, की जंतूंनी भरलेली तीच लघवी वर किडनीकडे ढकलली जाते. तिथे सूज येते, ताप येतो, क्वचित जंतू रक्तात जातात. असं प्रत्येक वेळी झालं की किडनीचा थोडा भाग निकामी होऊन तिथे व्रण राहू शकतो, आणि हे व्रण साठत जातात. मणक्याला इजा झालेल्या रुग्णांमध्ये किडनी निकामी होणं हे एके काळी मृत्यूचं फार मोठं कारण होतं. मूत्राशयातला दाब कमी ठेवायचं तंत्र रुळल्यावर ते प्रमाण पुष्कळ उतरलं. जंतू पूर्ण घालवणं तेव्हाही जमलं नव्हतं आणि आजही जमत नाही. यजमानांच्या बाबतीत म्हणूनच नळीचं तुंबणं हे कल्चरच्या रिपोर्टपेक्षा कितीतरी जास्त काळजीचं आहे.

नळी वारंवार का तुंबते तेही बघू. काही जंतू, विशेषतः प्रोटियस मिराबिलिस, लघवीतल्या युरियाचं अमोनियात रूपांतर करतात. लघवी अल्कधर्मी होते, आणि तिच्यात विरघळलेले मॅग्नेशियम, कॅल्शियम आणि फॉस्फेट हे क्षार घट्ट होऊन नळीच्या टोकाला आणि छिद्रांत बसू लागतात. नळी आतून अरुंद होत जाते आणि एक दिवस बंद पडते. हेच क्षार मूत्राशयात सुटे पडले की त्यांचे खडे होतात. खडा झाला की त्याच्या आत जंतू सुरक्षित राहतात, आणि मग नळी कितीही वेळा बदला, नव्या नळीवर लगेच पुन्हा क्षार बसतात. तुमचे जुने रिपोर्ट काढून जंतूचं नाव बघा. प्रोटियस असेल तर खडा शोधायलाच हवा.

पुढच्या वेळी नळी काढली की ती लगेच फेकू देऊ नका. हातमोजा घालून तिचं टोक बघा, बोटांत चोळून बघा. वाळूसारखं खरखरीत लागत असेल, पांढुरकं काही चिकटलेलं असेल, तर डॉक्टरांना दाखवायला मोबाइलवर फोटो काढून ठेवा. नळी आत टिकून राहावी म्हणून तिच्या टोकाला असलेला फुगा मूत्राशयात आपोआप फुटून नळी बाहेर येणं हीसुद्धा खड्याची खूण असू शकते. यासाठी सोनोग्राफी लागते, पण नळीतून लघवी सतत वाहत असल्याने मूत्राशय रिकामं असतं आणि रिकाम्या मूत्राशयातला खडा सहज निसटतो. तपासणीला जाताना ‘नळी आहे, मूत्राशय भरून बघा’ असं सांगा. ते लोक थोडा वेळ नळी बंद ठेवून किंवा आत सलाइन सोडून बघतात. घरून नळीला गाठ मारून जायचं मात्र नाही. सोबत पोटाचा एक साधा एक्स-रे काढला तर हे खडे बहुतेक वेळा त्यात दिसतात.

खडा निघाला तर तो दुर्बिणीतून काढता येतो. नसेल, तर तुंबण्याचा हिशेब ठेवा. कॅलेंडरवर नळी घातल्याचा आणि तुंबल्याचा दिवस लिहीत जा. तीन वेळांची नोंद झाली की यजमानांची नळी साधारण किती दिवस टिकते ते कळेल. ती १८ दिवस टिकत असेल तर १५व्या दिवशी बदलायची, महिना भरायची वाट बघायची नाही. आधी नळीच बदलून बघणंही योग्य. साध्या पिवळसर लेटेक्सच्या नळीपेक्षा पूर्ण सिलिकॉनची नळी आतून जास्त रुंद असते, म्हणून उशिरा तुंबते. लेटेक्सची साधारण २ ते ४ आठवडे चालते, सिलिकॉनची १२ आठवड्यांपर्यंत. क्षार लवकर बसणाऱ्यांत अर्थात त्याआधीच बदलावी लागते. घेताना पाकीट नीट वाचा: नुसतं वरून सिलिकॉनचा लेप दिलेली नळी वेगळी, पूर्ण सिलिकॉनची वेगळी.

पाणी दिवसाला दीड ते दोन लिटर, हृदयाच्या किंवा किडनीच्या डॉक्टरांनी पाण्यावर बंधन घातलेलं नसेल तर. त्यात दिवसभरात विभागून लिंबू पिळून दिलं, साखर-मीठ न घालता, तर त्यातल्या सायट्रेटमुळे क्षार बसायला उशीर होतो असं दिसलं आहे. रक्तातलं पोटॅशियम वाढलेलं असेल तर हे आधी विचारून करा. धने-जिऱ्याचं किंवा जवाचं पाणी द्यायला हरकत नाही, पोटात पाणी जातं एवढा त्याचा उपयोग. क्रॅनबेरीच्या महाग गोळ्यांवर पैसे घालवू नका, कायमची नळी असलेल्यांत त्यांचा फायदा सिद्ध झालेला नाही.

लघवी येणं थांबलं तर आधी बघा: नळी मांडीखाली दबली आहे का, पिळा पडला आहे का, पिशवी कमरेच्या वर आहे का, पोट साफ होऊन किती दिवस झाले. आतड्यात साचलेला मळ बाहेरून नळीवर दाबतो, आणि हे कारण घरोघर दुर्लक्षित राहतं. एवढं बघूनही लघवी येत नसेल आणि ओटीपोट टम्म असेल तर नळी त्याच दिवशी, शक्य तितक्या लवकर बदलायची. रात्र काढायची नाही. नळीच्या बाजूने लघवी गळते तेव्हाही अनेकदा आत नळी अर्धवट तुंबलेलीच असते. अशा वेळी ‘जाड नळी टाकू’ असं कोणी म्हणालं तर मान्य करू नका. जाड नळीने मूत्रमार्गावर दाब पडतो. १४ किंवा १६ नंबर पुरतो.

कंपाउंडरचा हात बसलेला असेल, पण दोन गोष्टी त्याच्याकडून पक्क्या करून घ्या. फुगा फुगवण्याआधी नळी पुरुषांमध्ये अगदी तिला दोन फाटे फुटतात तिथपर्यंत आत गेलेली असावी आणि लघवी आलेली दिसावी. फुगा मूत्रमार्गातच फुगला तर आतलं अस्तर फाटतं, रक्त येतं, आणि भरताना तिथे मार्ग आकसतो. मार्ग असा आकसला की पुढच्या प्रत्येक नळीला त्रास आणि नवं इन्फेक्शन. फुग्यात डिस्टिल्ड वॉटर भरायचं, सलाइन नाही, कारण सलाइनचं मीठ फुग्याच्या बारीक नलिकेत साठून तो रिकामा व्हायला अडचण येते. किती मिलि भरायचं ते नळीच्या तोंडावर छापलेलं असतं. काढताना सिरिंज लावून पाणी आपणहून येऊ द्यायचं, जोरात ओढायचं नाही. फुगा रिकामा होत नसेल तर नळी कापायची नाही, ओढायची नाही, रुग्णालयात जायचं.

नळी मांडीच्या वरच्या भागावर किंवा ओटीपोटावर पट्टीने चिकटवलेली असावी. लोंबकळणारी नळी शिस्नाच्या तोंडाला रोज थोडी थोडी कापत जाते. महिन्यांनी तिथे चीर पडलेली दिसते, आणि ती मिटत नाही. दीड वर्ष झालं आहे, म्हणून आजच बघा. रोज साबण-पाण्याने धुणं पुरेसं आहे, डेटॉल, सॅव्हलॉन, आयोडीन काही नको. शिस्नाच्या टोकावरची त्वचा मागे सारून धुतली की ती आठवणीने पुन्हा पुढे आणा, नाहीतर मागेच अडकून सूज येते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली, पण जमिनीला न टेकता. दोन तृतीयांश भरायच्या आत किंवा सहा-आठ तासांनी रिकामी करा, आधी आणि नंतर हात धुवा, पिशवीचं तोंड भांड्याला लागू देऊ नका. अंघोळीसाठी नळी आणि पिशवी वेगळी करायची नाही, तो जोड उघडला की जंतूंना आयती वाट मिळते. काही जण औषधी पाण्याने मूत्राशय ‘धुऊन’ देतात. नियमित असं धुण्याने इन्फेक्शन टळत नाही, अस्तर चुरचुरतं आणि जोड मात्र प्रत्येक वेळी उघडला जातो.

जांभळ्या पिशवीने तुम्ही हादरला असाल, पण तो रंग स्वतः निरुपद्रवी आहे. अन्नातल्या ट्रिप्टोफॅन या घटकापासून आतड्यात बनलेला एक पदार्थ लघवीत उतरतो, अल्कधर्मी लघवीतले काही जंतू त्यापासून निळा आणि लाल रंग तयार करतात, आणि प्लास्टिकवर ते मिसळून जांभळं दिसतं. बद्धकोष्ठ असलेल्यांत हे जास्त दिसतं. पोट साफ ठेवा, नळी-पिशवी बदला. ताप नसेल तर गोळी नको.

आता कायमची गोळी. देऊ नका, असंच आमचं स्पष्ट मत आहे. कायमच्या नळीत रोजच्या कमी डोसने मिळणारा फायदा तुटपुंजा, आणि जंतू मात्र औषधाला पुरून उरणारे तयार होत जातात. यासाठी सहसा नायट्रोफ्युरँटॉइन हे अँटिबायोटिक सुचवलं जातं. प्रोटियसवर ते मुळातच चालत नाही. किडनीचं काम मंदावलं असेल तर लघवीत पुरेसं उतरत नाही. महिनोन् महिने घेतलं तर फुप्फुसं, यकृत आणि पायाच्या नसा यांना इजा करू शकतं, आणि १५ वर्षांच्या मधुमेहात नसा आधीच नाजूक असतात. सिप्रोफ्लॉक्सासिन, लिव्होफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकांनी वयस्कर माणसांत स्नायुबंध तुटणं, भ्रम होणं असे त्रास होतात, आणि मधुमेहाच्या ग्लिमेपिराइडसारख्या गोळीबरोबर साखर धोकादायक उतरू शकते. तोंडाने घ्यायची औषधं संपली की उरतात इंजेक्शनं, आणि त्यातली ॲमिकासिन आणि कोलिस्टिन स्वतःच किडनीला त्रास देतात. किडनी वाचवायची म्हणून सुरू झालेल्या गोळ्या शेवटी माणसाला अशा इंजेक्शनांपर्यंत आणून सोडतात, हे आम्हाला सगळ्यात जास्त खुपतं. प्रत्येक वेळी नळी बदलली की हमखास ताप येत असेल, तर फक्त त्या वेळी एखादा डोस द्यायचा विचार डॉक्टर करू शकतात. तो वेगळा भाग.

मधुमेहाच्या गोळ्यांची नावं तपासा. डॅपाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन यांपैकी काही चालू असेल तर ती साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदय आणि किडनीसाठी त्या चांगल्या आहेत, पण जननेंद्रियाजवळ बुरशी वाढवतात, आणि अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१५ मध्ये गंभीर मूत्रसंसर्गाबद्दल, २०१८ मध्ये त्या भागातल्या कुजणाऱ्या संसर्गाबद्दल सावधगिरीची सूचना दिली आहे. कायमच्या नळीत त्या ठेवाव्यात का, हे मधुमेहाच्या डॉक्टरांनी ठरवावं, मनाने बंद करू नका. ताप, उलट्या, जेवण बंद अशा दिवसांत मात्र त्या थांबवायच्या असतात, म्हणून त्याच दिवशी फोन करून विचारा. तापाला पॅरासिटामॉल द्या. डायक्लोफिनॅकसारख्या वेदनाशामक गोळ्या अशा किडनीला नकोत.

किडनीवर लक्ष ठेवायला दर तीन ते सहा महिन्यांनी रक्तातलं क्रिएटिनिन (किडनी मंदावली की वाढतं) आणि पोटॅशियम, वर्षातून एकदा किडनीची सोनोग्राफी. पक्षाघातानंतर स्नायू झडले असतील तर क्रिएटिनिन खोटंच चांगलं दिसतं, कारण ते स्नायूंतून येतं. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी ही रक्ततपासणी विचारा. मधुमेहासाठी करतात ती लघवीतल्या अल्ब्युमिनची तपासणी नळी आणि इन्फेक्शन असताना फसवी वाढलेली येऊ शकते, तेवढ्यावरून किडनी गेली असं समजू नका.

कॅन्सरबद्दल ऐकलंत ते पूर्ण खोटं नाही. सतत सुजलेल्या मूत्राशयात एका विशिष्ट प्रकारचा कॅन्सर होऊ शकतो, पण तो मुख्यतः दहा वर्षांहून अधिक काळ नळी असलेल्यांत, विशेषतः मणक्याच्या रुग्णांत आढळला आहे, आणि त्यांच्यातही थोड्यांनाच. दीड वर्षावर ही भीती घेऊन बसू नका. नळी बदललेली नसताना, ओढ बसलेली नसताना लघवीत रक्त दिसलं तर मात्र दुर्बिणीने तपासून घ्यायला हवं.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. ही नळी कायमची आहे, हे कोणी ठरवलं? पत्रावरून तरी ते कोणी ठरवलेलं दिसत नाही. पक्षाघातामुळे ऑपरेशन पुढे ढकललं, ते योग्यच होतं, कारण त्यानंतर काही महिने अशी नियोजित शस्त्रक्रिया टाळतात. पण यजमान आता चालतात. युरोसर्जनना भेटून सरळ विचारा: नळी काढून बघता येईल का? प्रोस्टेटजवळचा मार्ग सैल करणारी टॅमसुलोसिन ही गोळी काही दिवस देऊन, सकाळच्या वेळी नळी काढून, लघवी होते का आणि नंतर आत किती उरते हे सोनोग्राफीवर मोजतात. त्या गोळीने उठताना बीपी उतरतं, म्हणून तोल जाणार नाही याकडे लक्ष ठेवा. जमलं नाही तर ऑपरेशन. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर लेझरने करायचा पर्यायही असतो. मात्र पक्षाघात आणि मधुमेह या दोहोंमुळे मूत्राशयाचा स्नायूच दुबळा झालेला असू शकतो, मग प्रोस्टेट काढूनही लघवी होणार नाही. म्हणून ऑपरेशनआधी मूत्राशयाच्या दाबाची तपासणी, तिला युरोडायनॅमिक्स म्हणतात, करायची का हे आवर्जून विचारा.

ऑपरेशन शक्यच नसेल तरी एक रस्ता आहे. दर ४ ते ६ तासांनी पातळ नळी घालून लघवी काढायची आणि नळी लगेच बाहेर. १९७२ मध्ये अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठात जॅक लॅपिडिस यांनी दाखवून दिलं की यासाठी हात आणि नळी स्वच्छ असली तरी पुरतं, ऑपरेशन थिएटरसारखं निर्जंतुक वातावरण लागत नाही. नळी सतत आत नसल्याने जंतूंचा थर साठत नाही, ताप आणणारी इन्फेक्शनं आणि खडे कमी होतात. एका वेळी ४०० ते ५०० मिलिपेक्षा जास्त साठू द्यायचं नाही. यजमानांचा एक हात दुबळा असेल तर हे तुम्हाला शिकावं लागेल. दिवसातून चार-पाच वेळा, रात्री एकदा. हे ओझं लहान नाही. घरात दुसरं कोणी असेल तर त्यालाही शिकवा, आणि झेपत नसेल तर तसं डॉक्टरांना सांगा.

तेही नको असेल तर ओटीपोटातून छोट्या छिद्रातून नळी घालता येते. जंतू तिच्यातही येतात, पण मूत्रमार्ग, प्रोस्टेट आणि वृषण यांचा त्रास टळतो आणि बदलायला सोपी जाते. कंडोमसारखा बाहेरून चढवायचा कंडोम कॅथेटर यजमानांना चालणार नाही. तो फक्त ज्यांचं मूत्राशय स्वतः रिकामं होतं त्यांच्यासाठी.

जाताना सगळे कल्चर रिपोर्ट तारखेप्रमाणे लावून, चालू गोळ्यांची पाकिटं, तुंबण्याचं कॅलेंडर आणि नळीचा फोटो बरोबर न्या. खर्चाची अडचण असेल तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला प्रोस्टेटच्या शस्त्रक्रियेबद्दल आधी विचारून घ्या, रेशनकार्ड आणि आधार सोबत असू द्या. आणि एवढ्यात कधी हुडहुडी भरून ताप आला, वरचं बीपी १००च्या खाली गेलं, श्वास जोरात चालू लागला किंवा यजमान हाकेला नीट ओ देईनासे झाले, तर सकाळची वाट न बघता १०८ला फोन करा, आणि रुग्णालयात पोचल्याबरोबर ‘नळी आहे, शेवटच्या कल्चरमध्ये ही औषधं चालत नव्हती’ हे सांगून तो रिपोर्ट त्यांच्या हातात द्या.